मोरसला जाऊन आलो: दोऱ्याने मोजलेला अकरा सेंटिमीटरचा प्रवास

निघण्याआधी

आमच्या आजीच्या कोकणातल्या स्वयंपाकघरात फळीवर दोन डबे असायचे. एकात रोजचा गूळ, दुसऱ्यात पाहुण्यांसाठी ‘मोरस’. मोरस म्हणजे पांढरी साखर, एवढंच मला लहानपणी ठाऊक होतं. मॉरिशसहून मुंबई बंदरात साखर यायची आणि आपल्या लोकांनी त्या बेटाचं नावच तिला देऊन टाकलं, हे बाबांनी मी कॉलेजात असताना सांगितलं. त्याच दिवशी दुसरीही गोष्ट कळली. बाबांच्या पणजोबांचे धाकटे भाऊ लांज्याकडच्या आमच्या गावातून त्या मोरसला मजुरीवर गेले ते परत आले नाहीत. कोणत्या साली गेले, कोणत्या जहाजाने, कुणालाही माहीत नाही. घरात त्यांची तिथी नाही, त्यामुळे दरवर्षी सर्वपित्री अमावस्येला बाबा त्यांच्या नावाने पाणी सोडतात.

बाबा ठाण्याच्या शाळेत ३२ वर्षं भूगोल शिकवत होते. आता ७९ वर्षांचे आहेत, हातात काठी आहे, पण नौपाड्यातल्या घरात कपाटावर पृथ्वीचा गोल अजून आहे आणि तो धुळीचा कधी दिसत नाही. जुलैमध्ये एका रविवारी गेले तर गोल खाली उतरवलेला, आणि बाबा शिवणाचा पांढरा दोरा मुंबईपासून मॉरिशसपर्यंत ताणून धरून बसलेले. दोरा पट्टीवर ठेवला. अकरा सेंटिमीटर. एका सेंटिमीटरला सव्वाचारशे किलोमीटर धरले की झाले सुमारे ४,७०० किलोमीटर. ठाणे ते लांजा या गोलावर एक सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. पण मागच्या गणपतीत आम्हाला गावी पोहोचायला चौदा तास लागले होते आणि बाबांची कंबर त्यानंतर महिनाभर धरली होती.

“विमानाला किती लागतात?” त्यांनी विचारलं.

“थेट गेलं तर सहा तास.”

“मग यंदाचं पाणी तिथे जाऊन सोडतो.”

आत्याने फोनवर बराच वेळ समजावलं की पितृपक्षात कुणी असं फिरायला जात नाही. बाबा म्हणाले, “फिरायला कोण जातंय?”

तिकिटं, हॉटेल वगैरे महिनाभर आधी झालं. जाणाऱ्यांसाठी सांगते: मॉरिशससाठी आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर फुकट शिक्का मिळतो. पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग कागदावर छापून जवळ ठेवा, प्रवासाआधीचा ऑनलाइन फॉर्म भरा. थेट विमान रोज असेलच असं नाही, म्हणून आधी विमानाचे वार बघा आणि मग रजा टाका. मधे दुसरीकडे विमान बदललंत तर सहा तासांचे सहज बारा-पंधरा होतात. वयस्कर माणूस बरोबर असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी थेटच जा.

निघायच्या आदल्या दिवशी, १६ सप्टेंबरला, पावसाने थोडी उघडीप दिली. बाबा मला गच्चीवर घेऊन गेले. काठी बरोबर तीन फुटांची आहे. दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर, सूर्य सर्वांत वर असताना, त्यांनी ती उभी धरली आणि मला सावली मोजायला लावली. पावणेअकरा इंच, तोंड उत्तरेला. छोट्या वहीत नोंद झाली. “उरलेली तिकडे,” म्हणाले.

पहिला दिवस, बुधवार

पहाटे चारला नौपाड्यातून निघालो. हायवे रिकामा होता, चाळीस मिनिटांत विमानतळ. बाबांसाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती, त्यामुळे रांगा सुटल्या. (तिकीट काढतानाच सांगायची, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.)

विमान साडेआठला सुटलं. खिडकीची जागा बाबांची. किनारा मागे पडला आणि नंतर सहा तास खाली जमिनीचा एक तुकडा दिसला नाही. मालदीव डावीकडे लांब, सेशेल्स उजवीकडे लांब, मधे नुसतं पाणी. समोरच्या पडद्यावर वेग ताशी साडेआठशेच्या आसपास हलत होता. दर तासाला मी बाबांना उठवून मागच्या टोकापर्यंत चालवून आणत होते. तिसऱ्या तासाला मात्र उठायला तयार होईनात. पडद्यावरचा अक्षांश कमी कमी होत शून्याकडे चालला होता. आकड्यापुढचं ‘उत्तर’ जाऊन ‘दक्षिण’ झालं त्या क्षणी त्यांनी माझा हात घट्ट धरला. आयुष्यभर फळ्यावर काढलेली रेषा ते पहिल्यांदा ओलांडत होते. मुंबई १९ अंश उत्तर, मॉरिशस २० अंश दक्षिण. विषुववृत्त जवळजवळ अर्ध्या वाटेवरच येतं. शेजारच्या सीटवरच्या नवीन लग्न झालेल्या डोंबिवलीच्या मुलीला त्यांनी हे सगळं समजावून सांगितलं, आणि तिने खरंच मन लावून ऐकलं.

तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. उतरलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता आणि हवा आपल्याकडच्या डिसेंबरसारखी. सप्टेंबर म्हणजे त्यांचा हिवाळा संपत आलेला. स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला, आमचं राहणं पश्चिम किनाऱ्यावर फ्लिक आँ फ्लाकला. या दिवसांत पूर्वेच्या किनाऱ्यावर वारा फार असतो, पश्चिमेला शांत असतं, म्हणून ही बाजू निवडली. सबंध बेट ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याहून लहान आहे आणि देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहराची होती त्याहून कमी. तासाभरात बेट आडवं पार होतं.

वाटेत दोन्ही बाजूंना ऊस. तोडणी चालू होती, रस्त्यावर उसाचे ट्रेलर, हवेत तो ओला गोडसर वास. आणि शेतांच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच ढीग, एकावर एक रचलेले, कुठे कुठे पिरॅमिडसारखे. मी ड्रायव्हरला विचारलं. तो भोजपुरी घरातला, हिंदी छान बोलत होता. म्हणाला, जमीन दगडांनी भरलेली होती, ऊस लावायला मजुरांनी ते हातांनी वेचून बाजूला रचले, ते तसेच आहेत.

बाबांनी गाडी थांबवायला सांगितली. उतरून एका दगडावर हात ठेवून उभे राहिले. मग मला म्हणाले, “हा आपलाच दगड आहे.” मला वाटलं ते भावनेने बोलतायत. तसं नव्हतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातल्या ज्या तप्त जागेतून लाव्हा वर आला आणि दख्खनचं पठार, सह्याद्री, मुंब्र्याचा डोंगर, आपलं येऊर झालं, तीच जागा आता या बेटांच्या बाजूला आहे. जमीन वरून उत्तरेकडे सरकत गेली, खालची चूल पेटतीच राहिली. तिच्यातूनच पुढे मॉरिशस वर आलं, आणि शेजारच्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी त्याच चुलीवर अजून धगधगतो. दगड काळा, छोट्या छोट्या भोकांचा, एका बाजूने शेवाळलेला. गावच्या आमच्या विहिरीच्या काठाचा दगड अस्साच आहे.

दुसरा दिवस, गुरुवार

पोर्ट लुईला, आप्रवासी घाटावर. बंदराला लागून, बस स्थानकाच्या अगदी जवळ ही जागा आहे आणि घाईत असाल तर समोरून निघूनही जाल. २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. आत जायला पैसे नाहीत. रविवारी बंद असतं, म्हणून आठवड्यातलाच दिवस ठेवा आणि सकाळीच जा.

२ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याहून ३६ मजूर इथे उतरले, तिथून करारावरची मजुरी सुरू झाली. तो दिवस तिथे आजही सार्वजनिक सुट्टीचा आहे. त्यानंतर १९२० पर्यंत जवळपास पाच लाख माणसं इथून आत गेली, काही इथूनच पुढे दुसऱ्या वसाहतींत. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशकडची, मद्रासकडची, आणि मुंबई बंदरातून निघालेली रत्नागिरी-साताऱ्याकडची आपली. शिडाच्या जहाजाला आठवडेच्या आठवडे लागत, वारा नसला की आणखी. आदल्या दिवशी सहा तासांत आम्हाला एक जेवण आणि दोन चहा मिळाले होते.

समुद्राकडून वर यायला दगडी पायऱ्या आहेत, सोळा. जहाजातून उतरलेला प्रत्येक जण यावरून चढला. मग दोन दिवस इथेच ठेवून घेत, नोंद होई आणि कुठल्यातरी मळ्यावर पाठवणी. बाबा पायऱ्यांच्या खालच्या टोकाला गेले आणि हळूहळू वर आले. मी हात द्यायला पुढे झाले तर नको म्हणाले. काठी आणि पाय, काठी आणि पाय. वर येऊन मोठ्याने “सोळा” म्हणाले आणि चष्मा काढून पुसला. पायऱ्या मधोमध थोड्या झिजलेल्या आहेत. मी बोटं फिरवून बघितली. कडेला दगड खरखरीत लागतो, मधे हाताला गुळगुळीत.

बारा वाजायला आले तसं त्यांना सावलीची आठवण झाली. बंदराच्या फरसबंदीवर काठी उभी धरली. ठाण्यात सूर्य माथ्याच्या जवळ यायला साडेबारा होतात, इथे बारा वाजून चार मिनिटांनीच. सावली पंधरा इंचांना थोडी कमी. आणि तोंड दक्षिणेला! दुपारचा सूर्य उत्तरेला उभा होता. मला पुस्तकातून हे ठाऊक होतं, तरी ती उलटी पडलेली सावली बघून अंगावर काटा आला. दोन आइस्क्रीमवाले बघत उभे होते. बाबांनी त्यांनाही वही दाखवली.

जेवण मार्केटात. ढोल पुरी खाल्ल्याशिवाय परत येऊ नका. हरभऱ्याची डाळ शिजवून, बारीक वाटून कणकेत भरलेली मऊ पोळी. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून घेतला तर जशी लागेल तशी. जोडीने देतात, मधे पांढऱ्या वालासारख्या दाण्यांची भाजी, टोमॅटोची रुगाय आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. ठेचा कमी घ्यायला सांगा, तो लांज्याच्या तोडीचा असतो. बरोबर गातो पिमाँ, म्हणजे आपले डाळवडेच. वरून आलुदा: दूध, सब्जा, जेलीचे धागे, फालुद्याचा सख्खा भाऊ. पितृपक्ष असल्यामुळे बाबांना शुद्ध शाकाहारी हवं होतं, काहीच अडलं नाही. त्यांचा रुपया आपल्या दोन रुपयांच्या थोडा आत आहे. दोघांचं पोटभर जेवण चारशेच्या आत झालं.

तीळ मी मार्केटातच घेतले. बियाणं, फळं, रोपं घेऊन बेटावर उतरायला परवानगी लागते, म्हणून घरून आणले नव्हते. तुम्हीही पिशवीत गावचं काही घालू नका.

संध्याकाळी किनाऱ्यावर अंधार पडल्यावर नैर्ऋत्येला खाली चार तारे दिसले. त्रिशंकू. ध्रुवतारा शोधूनही सापडणार नव्हता, तो क्षितिजाखाली गेला होता. तरी बाबा थोडा वेळ उत्तरेकडे बघत राहिले.

तिसरा दिवस, शुक्रवार

मोका या गावी, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये. मजुरांच्या नोंदवह्या इथे जपून ठेवल्या आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज, मळा, इतकं सगळं लिहिलेलं असे. आमच्याकडे फक्त एक नाव आणि एक गाव. नंबर किंवा जहाज कळल्याशिवाय शोध फार अवघड आहे, कारण गावांची आणि माणसांची नावं साहेबाच्या कानाला जशी ऐकू आली तशी लिहिली आहेत, असं तिथल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं. सापडलं नाही. कुणाला आपल्या घरातलं माणूस शोधायचं असेल तर निघण्याआधी घरातल्या म्हाताऱ्यांना साल विचारा, निदान कोणता दुष्काळ, कोणती साथ, एवढं तरी. आम्हाला ते विचारायला फार उशीर झाला होता.

गाडीत बाबा गप्प होते. दुपारभर पाऊस. बाहेर पडलोच नाही.

चौथा दिवस, शनिवार

हॉटेलात झाडलोट करणाऱ्या मावशींनी आदल्या दिवशीच आम्हाला मराठी बोलताना ऐकलं होतं. सकाळी त्या दारात येऊन थांबल्या आणि म्हणाल्या, “मराठी?” मग छातीवर हात ठेवून पुन्हा, “मराठी.” एवढंच. त्यांना वाक्यं जोडून बोलता येत नव्हती, घरात क्रिओल, म्हणजे तिथली बोली. पण घर कास्काव्हेलला, जिथे मराठी घरं पुष्कळ आहेत, आणि दुपारी चहाला या असं त्यांनी अर्ध्या हिंदीत सांगितलं.

त्यांच्या घरी तीन पिढ्या बसल्या होत्या. देवघरात गणपती, भिंतीवर शिवाजी महाराज. नातू शाळेत मराठी घेतो. त्याने वही आणून दाखवली. अक्षर आमच्या घोडबंदर रोडवरच्या इंग्रजी शाळांतल्या मुलांपेक्षा सुबक. बाबांनी त्याला वाचायला लावलं. ‘ळ’ त्याला जमत नव्हता, बाबांनी जीभ कशी वळवायची ते दाखवलं आणि पाचव्या खेपेला त्याने स्वच्छ ‘कमळ’ म्हटलं. सगळ्या घराने टाळ्या वाजवल्या.

आडनावांचा उलगडा आजोबांनी केला. उतरताना माणसाने सांगितलेलं नावच कागदावर चढलं आणि पुढे ते मुला-नातवंडांचं आडनाव झालं. म्हणजे कुणाच्या तरी आईने कोकणातल्या बारशाला ठेवलेलं नाव आज बँकेच्या पासबुकावर आडनावाच्या जागी आहे.

गणेश चतुर्थीला तिथे देशाची सुट्टी असते. महिन्याभरापूर्वीच्या विसर्जनाचा व्हिडिओ त्यांनी फोनवर लावला. गोल फेर, मधे ढोलकीवाला, एका पायात घुंगरू. मावशी म्हणाल्या, “झाकरी.”

बाबा खुर्चीतून पुढे सरकले. “जाखडी!” आमच्या वाडीत गणपतीत रात्र रात्र चालते ती जाखडी. शब्दातली अक्षरं इकडची तिकडे झाली होती, पाय तेच पडत होते. बाबांनी काठी भिंतीला टेकवली आणि बसल्या जागी उजवा पाय आपटून ठेका धरला. आजोबा हसले आणि त्यांनी ढोलकी काढली. दोघांना एकमेकांचं एक सबंध वाक्य कळत नव्हतं. पाऊण तास हे चाललं.

निघताना मावशींनी एक पुडी हातात दिली. जाड दाण्याची, गुळासारखा वास येणारी तांबूस साखर.

पाचवा दिवस, रविवार, सर्वपित्री

गंगातलाव बेटाच्या वरच्या भागात आहे, ज्वालामुखीच्या मुखातलं तळं. इथे १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून घातलं, तेव्हापासून हे नाव. महाशिवरात्रीला लाखो लोक चालत येतात. काठावर शंकराची १०८ फुटांची मूर्ती आहे. खाली किनाऱ्यावर ऊन असलं तरी वर झोंबरं वारं आणि भुरभुर पाऊस असतो. शाल आणि छत्री दोन्ही ठेवा. माकडं प्रसादाची पिशवी हिसकावतात.

बाबांनी पायातले बूट काढले. मी दंडाला धरून त्यांना शेवटच्या पायरीपर्यंत नेलं. पितरांना पाणी दक्षिणेकडे तोंड करून देतात. ते तसे वळले, ओंजळीत तीळ घेतले आणि थांबले.

“मुंबईहून मॉरिशस कुठल्या दिशेला?” मला विचारलं.

“दक्षिणेला. थोडं पश्चिमेकडे.”

“म्हणजे मी ठाण्यात इतकी वर्षं त्यांच्याकडेच तोंड करून पाणी सोडत होतो.”

त्यांनी तीन वेळा पाणी सोडलं. पाणी इतकं गार होतं की बोटं लाल झाली. मग सावकाश मागे वळले, उत्तरेकडे, आणि आणखी एक ओंजळ सोडली. “ही त्यांच्यातर्फे,” म्हणाले. “गावाला.” मी काही विचारलं नाही.

रात्रीचं विमान होतं.

सहावा दिवस, सोमवार

परतताना झोप लागली, पण विषुववृत्ताच्या वेळी बाबांनी मला उठवलंच. त्याच दिवशी उशिरा सूर्यही ते ओलांडून दक्षिणेकडे जाणार होता. आम्ही अंधारात त्याच्या आधी उलट्या दिशेने निघून आलो. दीड तास घड्याळात पुढे टाकायचा, त्यामुळे परतीची रात्र लहान होते. दुसऱ्या दिवशी कामावर जायचा बेत ठेवू नका.

ठाण्यात शिरलो तेव्हा घटस्थापनेची सकाळ होती. टेंभी नाक्याच्या बाजूने ढोल वाजत होते, झेंडूवाले रस्त्यावर बसले होते. आत्या घरी येऊन चहाचं आधण ठेवून थांबली होती. मी पुडी उघडून दोन चमचे टाकले.

“हे काय गं, गूळ?”

“मोरस,” बाबा म्हणाले. “आणि पेन दे, साडेबाराला गच्चीवर जायचंय.”

ऊन होतं. सावली साडेबारा इंच, उत्तरेला.